मेश्राम भाऊंचा अर्धा ग्लास

फिल्टर प्लांटमध्ये पाण्यात तुरटी टाकली की गाळ हळूहळू तळाशी बसत जातो. वरचं नितळ पाणी गावाला जातं आणि गाळ आमच्याकडे राहतो. किश्शांचंही तसंच आहे. गावाला वाटतं, पाणीपुरवठा खात्यात पाण्याशिवाय काय असणार? अहो, खरा माल तर तळाशी साचलेला असतो! अधूनमधून टाकी धुवावी लागते. आज तेच करायला बसले आहे.

गाव कोणतं ते विचारू नका. भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या काठचं, नगरपरिषदेचं गाव आहे, एवढं पुरे. नाव घेतलं तर उद्या बाजारात लोक मलाच धरतील.

मी तिथल्या प्लांटवर केमिस्ट आहे. लहानपणापासून मला सरळ प्रश्न आणि सरळ उत्तर आवडतं. केमिस्ट्री घेतली ती त्यासाठीच, की तिथं उत्तर एकच असतं. आणि नशीब पाहा, नोकरी लागली अशा ठिकाणी, जिथं एका प्रश्नाला चार उत्तरं मिळतात आणि चारही बरोबर असतात! त्यामुळे माझा पारा चढलेला असतो. देवानंद, म्हणजे आमचा शिपाई, सकाळी माझं तोंड पाहूनच चहा किती गोड करायचा ते ठरवतो.

पण या सगळ्या गोंधळात मध्यभागी उभे आहेत ते आमचे मेश्राम भाऊ. मोटारी आणि फिल्टर सांभाळणारे ऑपरेटर. केस पांढरे झाले याच प्लांटवर. रिटायरमेंट जवळ आली तसा त्यांना एकच घोर लागला. पेन्शनचा नव्हे, बायकोचा.

"मॅडम, अख्ख्या गावाले पानी पाजलं मी. पन प्रज्ञाची माय माह्या प्लांटचं पानी तोंडाले नाही लावत. काहून?"

प्रज्ञा ही त्यांची मुलगी. आणि तिची माय, म्हणजे वहिनी, लग्न होऊन आल्यापासून गल्लीतली बोरिंग हापसून पाणी आणतात. घरात नळ आहे. त्या पाण्यानं भांडी होतात, कपडे होतात, अंगणातल्या झेंडूला पाणी जातं. प्यायला मात्र बोरिंग!

भाऊंची इच्छा एवढीच होती, की रिटायर व्हायच्या आधी वहिनींनी एक ग्लास, फक्त एक ग्लास, त्यांच्या प्लांटचं पाणी प्यावं.

*

आमच्याकडे तक्रारीचा फोन असतो. तो मीच उचलते, कारण बाकीचे सगळे त्या वेळी 'मोटारीजवळ' असतात.

पाण्यात क्लोरीन असलं की फोन येतो, "मॅडम, पान्याले वास येऊन राहिला!" मी डोस कमी करते. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचा फोन, "मॅडम, आज वास नाही. दवाई टाकली नाही काय?"

एकदा एकाच गल्लीतून दोन फोन आले. एक बाई म्हणाल्या, पाणी पिवळं आहे. शेजारच्या बाई म्हणाल्या, दुधासारखं पांढरं आहे. एकाच पाइपवरची दोन घरं! मी तावातावानं बाटल्या घेऊन गेले. दोघींनी पाणी भरून दाखवलं. एक पिवळं, एक पांढरं. खरंच!

पिवळं होतं ते गंजलेल्या पाइपामुळे आणि पांढरं होतं ते हवेच्या बुडबुड्यांमुळे. मी ओट्यावर उभी राहून सगळ्या गल्लीला हे समजावून सांगितलं. एका आजोबांनी मन लावून ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मंग बाई, दोन्ही मिक्स करून नाही देता येत काय?"

*

उन्हाळ्यात वरच्या वस्तीला टँकरनं पाणी द्यावं लागतं. आमच्याकडे पाण्याचा टँकर एक आणि संडासच्या टाक्या उपसणारा टँकर एक. एका वर्षी स्वच्छतेच्या तपासणीसाठी सगळ्या गाड्या रंगवायचा हुकूम निघाला. पेंटर हौशी निघाला. उरलेला निळा रंग वाया जाऊ नये म्हणून त्यानं दोन्ही टँकर निळे केले. वर दोन्हींवर सुंदर अक्षरांत लिहिलं, 'पाणी हेच जीवन'.

दुसऱ्या दिवशी संडास उपसणारी गाडी वरच्या वस्तीत शिरली. घराघरांतून बायका हंडे, बादल्या, पितळी गुंड्या घेऊन धावल्या. पाइप कोणी धरायचा यावर भांडण जुंपलं. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि हात जोडून ओरडला,

"माय वं, हे गाडी घेनारी होय, देनारी नाही!"

आता दोन्ही टँकर ओळखता यावेत म्हणून एकावर लाल पट्टा मारला आहे. कोणत्यावर मारला, यावर खात्यात अजून एकमत नाही.

*

आमचे इंजिनिअर साहेब घाटावरचे, साताऱ्याकडचे. तरुण, हुशार, पायात नेहमी पॉलिश केलेले बूट. आल्या आल्या म्हणाले, "मला आधी नदी दाखवा."

भाऊ, देवानंद आणि मी त्यांना जॅकवेलवर घेऊन गेलो. नदीतल्या ज्या विहिरीतून आमच्या मोटारी पाणी उचलतात, ती जॅकवेल. साहेबांनी नकाशा उघडला. "ही विहीर इथं. गावाचा नाला नदीला मिळतो तो हिच्या खालच्या बाजूला. म्हणजे नाल्याची घाण पुढे वाहून जाते. आपल्याला धोका नाही. करेक्ट?"

भाऊंनी खिशातून पळसाचं पान काढलं आणि पाण्यात टाकलं. पान थोडं थबकलं, मग रमतगमत वरच्या दिशेला निघालं.

साहेबांनी नकाशा फिरवून पाहिला. मग उलटा धरून पाहिला. "नदी उलटी कशी वाहते?"

"वाहूनच नाही राहिली साहेब," भाऊ म्हणाले. "बसून आहे."

खालच्या अंगाला मोठं धरण झालं आणि त्याचं पाणी आमच्या गावापर्यंत येऊन थांबलं. तेव्हापासून नदीला वारा नेईल ती दिशा. जलकुंभीची हिरवी चादर सकाळी या काठाला असते, दुपारी त्या. म्हणून प्लांटवर रिवाजच पडून गेला आहे. सकाळी पुलावरून पळसाचं पान टाकायचं. पान खाली गेलं तर रोजचा डोस. वर आलं तर नाल्याचं पाणी आमच्याकडे येतंय, तुरटी आणि क्लोरीन वाढवा! कॉलेजात मला हे कुणी शिकवलं नव्हतं. सुरुवातीला मी या पानाला हसायचे, आता मीच पळसाखाली पानं वेचते.

पुढं बाहेरून तपासणीचं पथक आलं. त्यांना पाण्याचे दोन नमुने हवे होते, एक नाल्याच्या वरच्या बाजूचा आणि एक खालच्या. त्यातल्या बाईंनी देवानंदला विचारलं, "इथं नदीची वरची बाजू कोणती?"

देवानंदनं अदबीनं विचारलं, "मॅडम, सकाळची का दुपारची?"

*

नाल्याचं पाणी साफ करायला एक केंद्रही बांधून झालं. कोणत्या खात्यानं बांधलं, कुणी जागा निवडली, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. केंद्र देखणं आहे, बगीचा आहे, कारंजं आहे. फक्त ते टेकाडावर आहे आणि नाला खाली आहे. पाणी स्वतःहून चढ चढत नाही, ही बाब नंतर लक्षात आली.

उद्घाटन तर ठरलेलं. पाहुणे निघालेले. मग आमच्याच प्लांटचं स्वच्छ पाणी टँकरनं नेऊन त्या केंद्रात ओतलं. मोटारी सुरू झाल्या, पाती फिरली, टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी शेवटच्या नळाचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उन्हात धरलं. "वा! हे तर अगदी पिण्यासारखं झालंय!"

मेश्राम भाऊ मागेच उभे होते.

"आत गेलं तवाबी तसंच होतं साहेब!"

मी भाऊंना कोपरानं ढोसलं. पाहुणे हसले. त्यांना ती विनयाची गोष्ट वाटली असावी. आणि नाला? तो आपला खालून नदीला जातोच आहे. त्या संध्याकाळी घरी जाताना पुलावर गाडी थांबवून मी त्याचं काळं पाणी पाहत बसले. मला राग यायला हवा होता. पण राग कुणावर करायचा तेच कळेना, आणि राग वाया गेला की मला जास्त त्रास होतो.

*

आता बेवारस नळाची गोष्ट.

प्लांटच्या अंगणात करंजाचं झाड आहे. त्याखाली एक जुना पितळी नळ. गावाला पाणी असो नसो, लाईट असो नसो, हा नळ चालू! आमचा तपासणीचा नळ फिल्टरच्या खोलीत आहे, तो मोटार बंद झाली की कोरडा पडतो. हा मात्र सदाबहार. याची लाइन कुठून येते ते कुणालाच माहीत नाही. भाऊंनी नोकरी धरली तेव्हाही तो असाच वाहत होता म्हणे.

साहेब हट्टाला पेटले. खोदायला लावलं. पाइप झाडाच्या मुळांखाली शिरला, तिथून भिंतीखाली गेला आणि भिंतीपलीकडे त्याला दोन फाटे फुटले. एक नदीकडे जात होता आणि एक गावाकडे. साहेबांनी डोकं लढवलं. गावातले व्हॉल्व्ह एकेक करून बंद करत जायचे. ज्या व्हॉल्व्हनं नळ बंद होईल, ती त्याची लाइन!

दुपारपर्यंत सगळे व्हॉल्व्ह बंद झाले. अख्खं गाव कोरडं पडलं. माझ्या फोनला उसंत नव्हती. आणि करंजाखाली तो नळ धो धो वाहत होता! भाऊ त्याच्याकडे कौतुकानं पाहत म्हणाले,

"साहेब, पुऱ्या गावाले तुमचा ऑर्डर समजला. याले कोनी सांगतलंच नाही."

मग माझी पाळी आली. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर काळी पडते, अशी एक तपासणीची बाटली असते. त्या नळाचं पाणी मी बाटलीत भरून ठेवलं. बाटली काळी पडली. पुन्हा ठेवलं, तर स्वच्छ! मी चक्रावले. साहेब गंभीरपणे म्हणाले, "अजून एकदा ठेवा. बेस्ट ऑफ थ्री!"

अजून एकदा ठेवली. ती बाटली तपकिरी झाली. काळी नाही, स्वच्छ नाही, तपकिरी! पुस्तकात तपकिरी बाटलीबद्दल एक अक्षर नाही. शेवटी नळावर पाटी लावली, 'पिण्यासाठी नाही'. तेव्हापासून तिथं आम्ही हात धुतो आणि गाड्या धुतो.

*

भाऊंनी वहिनींना वळवायचे काय काय उपाय केले ते सांगायला हवं.

प्लांटवरून कॅन भरून नेली, वहिनींनी त्या पाण्यात ज्वारी धुतली. माठात गुपचूप प्लांटचं पाणी ओतलं, वहिनींनी पहिल्याच घोटाला ओळखलं आणि माठ झेंडूला रिकामा केला. जावयाकडून वशिला लावला. जावई जवाहरनगरला फॅक्टरीत आहेत, शिकलेले, शांत गृहस्थ. ते समजावायला म्हणून आले आणि जाताना सासूबाईंकडून बोरिंगचं पाणी दोन कॅन भरून घेऊन गेले!

मग भाऊ मला घेऊन गेले. मी रिपोर्ट नेले, चार्ट नेला, अर्धा तास तुरटी, वाळू आणि क्लोरीन समजावून सांगितलं. वहिनी मधून मधून "हो वं बाई" म्हणत होत्या. त्यांचं माहेर पवनी तालुक्यात, आसगावच्या बाजूचं, पण लहानपण मामाकडे नदीकाठी गेलेलं. माझं झाल्यावर त्या म्हणाल्या,

"बाई, आमी लहानपनी याच नदीचं पानी वंजळीनं पेत होतो. तवा त्याले कोनीच साफ नोता करत. आता तुमी इतके जन, इतके शिकलेले, रातंदिवस साफ करून राहिले. मंग सांग, ते पानी किती खराब झालं असन!"

मी चार्ट गुंडाळला. वहिनींनी चहा दिला, तोही बोरिंगच्या पाण्याचा. काय फक्कड चहा होता!

परतताना भाऊ गाडीवर मागे बसले होते. चौकात आल्यावर हळूच म्हणाले, "मॅडम, तिचं बरोबर असन तर मंग माही नोकरी कायची होती?"

मी त्यांच्यावर उगीचच खेकसले, "भाऊ, पाय नीट ठेवा, सायलेन्सर भाजेल!"

*

आणि आला निरोपाचा दिवस.

दुपारी लाईट गेली होती. हॉलमध्ये उकाडा, म्हणून कार्यक्रम अंगणात, करंजाखाली घेतला. सतरंजी, खुर्च्या, शाल, श्रीफळ, चिवडा, पेढे. पाहुण्यांसाठी विकतच्या पाण्याची कॅन आणलेली. वहिनी नव्या हिरव्या लुगड्यात पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी प्रज्ञा आणि जावई.

साहेब भाषणात भाऊंबद्दल चांगलं बोलले, मनापासून बोलले. आणि शेवटी त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "भाऊंची एक इच्छा राहिली आहे. आज वहिनी सगळ्यांसमोर आपल्या प्लांटचं पाणी पितील!"

टाळ्या! भाऊ लाजून लालेलाल झाले. मी देवानंदला ओरडून सांगितलं, "पळ, तपासणीच्या नळाचं ताजं पाणी आण!" त्यानं चकचकीत ग्लास भरून आणला. भाऊंनी तो दोन्ही हातांनी वहिनींसमोर धरला.

वहिनींनी ग्लासाकडे पाहिलं. मग भाऊंकडे.

"तुमी पेता काय हे पानी?"

"म्हनजे? मी... प्लांटवरच तर असतो!"

"सकाळी डब्यासंगं बाटली कोन भरून देते तुमाले? मी ना? कोनत्या पान्याची? बोरिंगच्या ना? मंग हे कदी पेले तुमी?"

भाऊ आठवू लागले. खरंच आठवू लागले. आम्ही सगळे आठवू लागलो. टेबलावर साहेबांची बाटली होती, घरून बोरिंगचं पाणी भरून आणलेली. देवानंदची होती. माझी होती. इतकी वर्षं आम्ही गावासाठी पाणी साफ करत होतो आणि आमच्यातल्या एकानंही... कुणी कुणाकडे पाहीना.

वहिनी उठल्या. भाऊंच्या हातावर हात ठेवला. माणूस किती गोंधळून गेलाय हे त्यांनी ओळखलं असावं, कारण आवाज एकदम मऊ झाला.

"प्या. अर्धं तुमी, अर्धं मी. जे होईन ते दोघायले होईन."

भाऊ अर्धा ग्लास प्यायले. उरलेला वहिनींनी घेतला, डोळे मिटले आणि घोट घोट करत संपवला. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं.

"अगा बाई! हे तर आपल्या बोरिंगवानी गोड आहे. इतके वर्सं काहून नाही पाजलं?"

"कवाचा म्हनून राहिलो मी!" भाऊ म्हणाले. प्रज्ञानं डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला सांगू? मनात आलं, चला, एका तरी प्रश्नाला एकच उत्तर मिळालं!

टाळ्या चालू असताना देवानंद माझ्या कानाशी आला.

"मॅडम, लाईट नाही ना दुपारपासून. तपासनीचा नळ कोरडा होता. सारे वाट पाहून राहिले म्हनून मी मंग..." आणि त्यानं हनुवटीनं करंजाच्या बुंध्याकडे खुणावलं.

लाईट नाही म्हणून आम्ही अंगणात बसलो, एवढंही माझ्या डोक्यात आलं नव्हतं! मी भाऊंना शालीसकट बाजूला ओढलं आणि दबक्या आवाजात सांगितलं. भाऊंनी नळाकडे पाहिलं. 'पिण्यासाठी नाही' ही पाटी कुणीतरी सजावट करताना झेंडूच्या माळेखाली झाकली होती. नळ वाहत होता.

तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला, "आयकलं काय? घरी न्याले एक कॅन भरून घ्या त्याच पान्याची! आता मी रोज हेच पेईन!"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग शाल नीट खांद्यावर घेतली.

"मॅडम, पाच वाजले. मी रिटायर झालो. आता तो नळ तुमचा."